छताखालचे पंचवीस फेरे

अमेरिकेतील आर्कन्सॉ राज्याच्या वायव्य कोपऱ्यात ओझार्क नावाची डोंगररांग आहे. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना त्या नुसत्या टेकड्याच वाटाव्यात. दाट ओकवृक्षांनी झाकलेल्या या टेकड्या मार्चच्या आरंभी अद्याप निष्पर्ण असतात. येथेच फेएटव्हिल हे विद्यापीठाचे गाव वसले आहे. तेथून उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर बेंटनव्हिल लागते. वॉलमार्ट कंपनीचे मुख्यालय तेथे असल्याने नोकरीनिमित्त अनेक भारतीय कुटुंबे या परिसरात राहतात, आणि त्यांत मराठी घरेही आहेत. मुलाकडे किंवा लेकीकडे काही महिन्यांसाठी गेलेल्या आई-वडिलांचे हिवाळ्यातील दिवस तेथे बहुधा खिडकीशी बसून जातात. बाहेर थंडी असते, रस्त्यावर पायी चालणारे माणूस क्वचितच दिसते आणि गाडी चालवणारे सारे कामावर गेलेले असतात.

अशा ज्येष्ठांना घराबाहेर पडण्याचे एक उत्तम निमित्त यंदा मिळणार आहे. १३ आणि १४ मार्च २०२६ रोजी, शुक्रवारी व शनिवारी, एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेची राष्ट्रीय इनडोअर अॅथलेटिक्स स्पर्धा फेएटव्हिल येथे भरत आहे. जे भारतातच आहेत त्यांनाही काळवेळेची एक सोय आहे. तिकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाटेची साडेपाचची वेळ असते. ज्येष्ठांच्या घरात त्या वेळी चहा झालेला असतोच. कोण जिंकेल याचे भाकीत करण्याचा येथे उद्देश नाही. दूर पल्ल्याच्या शर्यतींत काय पाहावे, आणि घरी कुणाची तरी दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्यांनी त्यांतून काय घ्यावे, एवढेच सांगावयाचे आहे.

छप्पर आणि धावपट्टी

स्पर्धेचे ठिकाण म्हणजे आर्कन्सॉ विद्यापीठाचे रँडल टायसन ट्रॅक सेंटर. २००० साली ही वास्तू उभी राहिली. सुमारे पाच हजार प्रेक्षक बसतील एवढी ती मोठी आहे. मोकळ्या मैदानावरील धावपट्टी ४०० मीटरची असते. येथील २०० मीटरची, म्हणजे निम्मी. एवढ्या लहान वर्तुळात वेगाने वळताना धावपटू बाहेर फेकला जाऊ नये म्हणून वळणांवर पट्टीची बाहेरची कड उचललेली असते, घाटातल्या रस्त्याला वळणावर उतार देतात तशी. प्रेक्षक पट्टीच्या इतके जवळ असतात की धावणाऱ्यांचा श्वासही ऐकू यावा.

हे सारे छताखाली आणावे लागले ते उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्यामुळे. बर्फाच्या दिवसांत खेळाडूंचा सराव खंडित होऊ नये यासाठी इनडोअर हंगाम रुजला. पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९६५ साली सुरू झाली आणि महिलांची १९८३ साली. फेएटव्हिलला या खेळात मानाचे स्थान मिळाले ते प्रशिक्षक जॉन मॅक्डॉनेल यांच्यामुळे. आयर्लंडच्या मेयो परगण्यातून आलेल्या या गृहस्थांनी १९७२ ते २००८ अशी छत्तीस वर्षे येथे धावपटू घडवले आणि विद्यापीठाला चाळीस राष्ट्रीय सांघिक विजेतेपदे मिळवून दिली. १९८४ पासून सलग बारा वर्षे इनडोअर विजेतेपद याच गावात राहिले.

घड्याळाचा काटा आणि पावलांची लय

दूर पल्ल्याच्या शर्यतींत पहिली पाहण्यासारखी शर्यत ५००० मीटरची. ती शुक्रवारी संध्याकाळी होते आणि तीत पंचवीस फेरे असतात. एखादा धावपटू हे अंतर १३ मिनिटे २० सेकंदांत पूर्ण करणार असेल, तर त्याला प्रत्येक फेऱ्याला ३२ सेकंद मिळतात. घड्याळ हाती धरून पाहावे. कसलेला धावपटू पहिला फेरा ३२ सेकंदांत धावतो, दहावाही जवळपास तेवढ्यातच आणि अठरावाही. नवखा मात्र टाळ्यांच्या भरात पहिले चार फेरे २९ सेकंदांत उरकतो, आणि पंधराव्या फेऱ्यापासून त्याचे खांदे वर चढू लागतात, मुठी आवळल्या जातात.

या आकड्यांचा आपल्याकडील धावपटूंशीही मेळ घालता येईल. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी २०२२ साली कॅलिफोर्नियात मोकळ्या मैदानावर हे अंतर १३ मिनिटे २५.६५ सेकंदांत धावून बहादूर प्रसाद यांचा १९९२ सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला होता. दोनशे मीटरमागे हिशेब केला तर सव्वाबत्तीस सेकंदांहून थोडे कमीच. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये बॉस्टनच्या अशाच छताखालच्या धावपट्टीवर गुलवीर सिंग यांनी १२ मिनिटे ५९.७७ सेकंदांची नोंद केली. तेरा मिनिटांच्या आत हे अंतर कापणारे ते पहिले भारतीय.

दुसरी गोष्ट पाहावी ती म्हणजे कोण कोणत्या बाजूने धावतो. आतल्या कडेने धावणारा दोनशे मीटर धावतो. पण त्याच्या बाहेरच्या मार्गिकेतून धावणाऱ्याला प्रत्येक फेऱ्याला सुमारे सहा मीटर जास्त पडतात. ३००० मीटरच्या शर्यतीत पंधरा फेरे असतात. सारा वेळ बाहेरून धावणारा नव्वद मीटर अधिक धावून दमतो, आणि त्या अंतराची नोंद कोणत्याही फलकावर होत नाही. घरात रुग्ण असलेल्या बायकांना हे लगेच उमगेल. औषधांचा डबा एका खोलीत, पाणी दुसरीकडे, कागदपत्रे कपाटाच्या वरच्या कप्प्यात अशी मांडणी असली, की दिवसाकाठी असेच अदृश्य अंतर अंगावर चढते. रुग्णाच्या रोजच्या वस्तू एका हाताच्या अंतरावर आणल्या, तरी संध्याकाळी पाय थोडे कमी दुखतात.

तिसरी शर्यत मैलाची. आठ फेरे आणि वर सुमारे नऊ मीटर. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे रॉजर बॅनिस्टर यांनी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल धावून चार मिनिटांची भिंत प्रथम ओलांडली, तेव्हा ते वैद्यकीचे विद्यार्थी होते. आज या महाविद्यालयीन स्पर्धेत मैलासाठी पात्र ठरणारे पुरुष त्या वेळेच्या आतच धावणारे असतात. बॅनिस्टर पुढे मज्जाविकारतज्ज्ञ झाले. उठून उभे राहताना रक्तदाब सावरणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचा अभ्यास हे त्यांचे खास क्षेत्र होते. उतारवयात त्यांना स्वतःलाच पार्किन्सन जडला आणि २०१८ साली, ८८व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जगातील सर्वांत गाजलेला मैल धावलेल्या पायांनाही अखेरीस आधार लागला. काठी हाती घेण्यास संकोचणाऱ्या ज्येष्ठांनी हे जरूर आठवावे.

शुक्रवारची रात्र, शनिवारची सकाळ

या स्पर्धेतील सर्वांत अवघड निर्णय पट्टीवर होत नाही. तो दोन दिवसांच्या मधल्या रात्री होतो. शुक्रवारी ५००० मीटर धावलेले काही खेळाडू शनिवारी ३००० मीटरसाठी पुन्हा उभे राहतात. प्रत्येक शर्यतीत पहिल्या आठ जणांना गुण मिळतात, विजेत्याला दहा. त्यामुळे संघाला ते गुण हवे असतात. पण पाय तेच असतात आणि मध्ये चोवीस तासही नसतात. मग शर्यत संपल्याबरोबर बसून न राहता हळूहळू धावणे, थोड्याच वेळात खाणे-पिणे आणि झोप यांवर सारे अवलंबून असते. काही प्रशिक्षक दुसऱ्या शर्यतीतून खेळाडूचे नाव काढून घेतात. हे पळपुटेपण कोणी समजत नाही.

फ्लोरिडा विद्यापीठाच्या पार्कर वॉल्बी यांनी २०२४ साली बॉस्टन येथे या दोन्ही शर्यती जिंकल्या. त्यांतील ५००० मीटरची वेळ होती १४ मिनिटे ५२.७९ सेकंद. हाडांच्या दुखापतींमुळे त्या आठवड्यातील मोजकेच दिवस प्रत्यक्ष धावत. उरलेला व्यायाम पायांवर आघात न करणाऱ्या यंत्रावर आणि पाण्यात करीत. गुडघे दुखतात म्हणून व्यायामच सोडून देणाऱ्यांसाठी हे उदाहरण मोलाचे आहे. चालणे झेपत नसेल तर बसून चालवायची सायकल आहे, पाण्यातील व्यायाम आहेत, खुर्चीत बसून करावयाच्या हालचाली आहेत.

शुश्रूषा करणाऱ्यांच्या वाट्याला मात्र शुक्रवार-शनिवार असा हिशेब येत नाही. रुग्णालयात रात्र जागून काढलेली सून सकाळी डबा करते, आणि तिच्या नावापुढे दुसरी शर्यत कोणी खोडत नाही. शिवाय धावपटूला पंचवीस फेरे ठाऊक असतात, आणि अखेरच्या फेऱ्याला घंटाही वाजते. पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सांभाळताना किती फेरे उरले हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. म्हणून अशा घरात वेग पहिल्याच दिवसापासून असा धरावा लागतो, की उद्याही तो राखता येईल. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाक बाहेरून आणणे, पाहुण्यांना नंतर या म्हणणे, दुपारी दार लावून दोन तास झोपणे यांत रुग्णाची हेळसांड होत नाही. जी थकून आजारी पडते तिच्या जागी धावायला बहुतेक घरांत दुसरे कोणी तयार नसते.

चौघांची शर्यत

म्हणूनच शुक्रवारच्या डिस्टन्स मेडले रिलेकडे विशेष लक्ष द्यावे. इतर रिले शर्यतींत चौघांना सारखे अंतर असते. येथे तसे नाही. पहिला धावतो १२०० मीटर, दुसरा ४००, तिसरा ८०० आणि शेवटचा १६००. एकूण ४००० मीटर, वीस फेरे. चारशे मीटरवाला मिनिटभरातच मोकळा होतो. पण तो नसेल तर संघ पूर्ण होत नाही, आणि त्याने बॅटन नीट दिले नाही तर सोळाशेवाल्याची सारी मेहनत वाया जाते.

आपल्या घरांतील वाटे असेच असमान असतात. आईला जवळ ठेवणाऱ्या भावाकडे सोळाशे मीटर. पुण्याच्या बहिणीकडे महिन्यातून चार दिवस. परदेशातील मुलाकडे खर्च आणि रोजचा एक फोन. वाटे सारखे करता येणार नाहीत. पण ते ठरवता येतात, आणि बॅटन देताना थांबून बोलता येते: कोणती गोळी कधी दिली, जेवण किती झाले, रात्री किती वेळा उठावे लागले. हे एका वहीत लिहून ठेवले तर पुढच्याला अंधारात धावावे लागत नाही. पुष्कळ घरांतील कटुता वाटा कमी असण्याने येत नाही. ज्याचा वाटा थोडा आहे तो आपल्या वेळी पट्टीवर हजर नसतो, याने येते.

जाण्यापूर्वी

विद्यापीठाचा परिसर टेकडीवर आहे, चढ-उतार पुष्कळ. ज्येष्ठांना दारापाशी उतरवून मगच गाडी लावावी. पायऱ्या कमी लागतील आणि कठडा हाताशी असेल अशी जागा तिकीट घेतानाच विचारून घ्यावी. पिशव्यांचे आणि औषधे आत नेण्याचे नियम आधी पाहावेत. सुरुवातीच्या पिस्तुलाचा आवाज बंद छताखाली दणकतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी त्याचा आवाज कमी करून बसावे.

शर्यत संपताच अनेक धावपटू खोकताना दिसतील. कोरडी हवा तोंडाने जोरजोरात ओढल्यामुळे श्वासनलिका सुकतात, त्याचा हा परिणाम. दमा असलेल्यांनी आपला पंप खिशात ठेवावा आणि अधूनमधून पाणी प्यावे. मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकू देऊ नये. दीड-दोन तास बसल्यावर एकदम उठू नये. आधी पाय हलवावेत, मग कठडा धरून उभे राहावे आणि डोके स्थिर झाल्यावरच पाऊल टाकावे.

शनिवारी सकाळी ऊन असेल तर विद्यापीठातील 'सीनियर वॉक' पाहावा. येथे सीनियर म्हणजे ज्येष्ठ नागरिक नव्हेत. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. १८७६ पासूनच्या पदवीधरांची नावे पायवाटेवरच कोरलेली आहेत, आणि ती आता दोन लाखांहून अधिक झाली आहेत. नावे वाचत चालले की वेग आपोआप मंदावतो.

जे जाऊ शकणार नाहीत त्यांच्या घरात दहा मीटरचा व्हरांडा किंवा बोळ असेलच. तो वीस वेळा चालले की टायसन सेंटरचा एक फेरा पूर्ण होतो. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग बहुतेकांना पुरेसा. हृदयविकार असल्यास डॉक्टरांचे मत आधी घ्यावे. पहिल्या दिवशी दोन फेरे झाले तरी चालतील. दुसऱ्या दिवशीही तेवढेच चालता आले, तर वेग बरोबर धरला आहे असे समजावे.