टिल्लूची कागदपत्रं

बँकेत वीस वर्षं शिक्के मारले की माणसाला एक खोड लागते. समोर कोणीही येवो, त्याच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याची कागदपत्रं बघावीशी वाटतात. माझ्या धाकट्या भावाला मेलबर्नला नोकरी लागली तेव्हा बाकीच्यांनी पेढे मागितले. मी विचारलं, "टिल्लूचं काय?"

टिल्लू हा त्यांच्या पनवेलच्या ब्लॉकमधला हिरवा-पिवळा पक्षी. बाजारात याला सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात, खरं नाव बजरीगार. तो आपला देशी पोपट नव्हे हे एक बरं. देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो, त्याला पिंजऱ्यात ठेवणं हाच गुन्हा. म्हणजे आमच्या खांबला अर्धा पेरू खाऊन अर्धा खाली टाकणाऱ्या पोपटाला सरकारी संरक्षण आहे, पेरू लावणाऱ्याला नाही! टिल्लू परदेशी, म्हणून सुटला.

परदेशी म्हणजे कुठला? तर ऑस्ट्रेलियाचाच. जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञाने १८४० साली जिवंत बजरीगार तिथून इंग्लंडला नेले आणि पुढे ही मंडळी जगभरच्या पिंजऱ्यांत पोचली. मला वाटलं, चला, टिल्लू माहेरी निघाला.

भाऊ पुढे जाऊन घर शोधत होता. पुतणी सई हिने इकडून दम दिला होता, "टिल्लू नाही तर मी पण नाही." तिथला घरमालक पक्षी चालवून घेईल का, ही त्याला धास्ती. पण त्या व्हिक्टोरिया राज्यात मार्च २०२० पासून कायदाच असा, की भाडेकरूने प्राणी ठेवायची लेखी परवानगी मागायची आणि मालकाला नको असेल तर त्यानेच चौदा दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायचं. गप्प बसला तर होकार. आमच्याकडे चौदा दिवस कोणी गप्प बसलं तर फाईल हरवली समजतात. भावाच्या मालकाने तर उलट टपाली लिहून दिलं, "एक पक्षी, हरकत नाही."

राहिली सरहद्द. "दादा, तुला फॉर्म वाचायची सवय, जरा बघ ना," भाऊ म्हणाला. मी बघितलं. ऑस्ट्रेलियात पाळीव पक्षी न्यायचा तर तो फक्त न्यूझीलंडहून. भारतातून नाही. इतर देशांतले रोग तिथल्या पाखरांत आणि कोंबड्यांत शिरू नयेत, म्हणून. कारण चोख, भांडायला जागा नाही. पण ज्याच्या सात पिढ्या रोह्याच्या बाजाराला परगाव म्हणत आल्या त्याला व्हिसा, आणि ज्याचे पूर्वज तिथल्या माळांवर थव्याने उडत होते त्याला मज्जाव!

सईला हे सांगायचं काम वहिनीने केलं. मी त्या दिवशी पनवेलला गेलो नाही.

टिल्लू खांबला आला. मीही इथे भाड्यानेच राहतो, तेव्हा रीतसर मालकीणबाईंना विचारलं. "त्यात विचारायचं काय? माझ्या कोंबड्या आहेतच की अंगणात. मांजरीकडे तेवढं बघा." चौदा सेकंदही लागले नाहीत.

तो राळे खातो, हायवेची धूळ खातो (चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं तेव्हा सई जन्मलीही नव्हती) आणि पहाटे सहाला हुबेहूब वहिनीच्या आवाजात ओरडतो, "सई, अभ्यास!" आठवडाभर आमची ही दचकून उठत होती.

गेल्या जानेवारीत फोनवर मी सहज म्हणालो, "आज आमच्याकडे पोपटी आहे." वालाच्या शेंगांची हो, मडक्यातली! पलीकडे पोरीने किंकाळीच फोडली. शेवटी मडकं, भांबुर्डीचा पाला, शेंगा आणि मग टिल्लू, सगळं एकेक करून कॅमेऱ्यापुढे धरावं लागलं. टिल्लूने तिच्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि ओरडला, "सई, अभ्यास!"

"अरे वेड्या, इथे उन्हाळ्याची सुट्टी चाललीय," सई म्हणाली. मग हळूच, "काका, त्याला परत बोलायला सांग ना."