कणकेचा कोंबडा आणि न्यूयॉर्कचे सांगाडे



२०२४ची दिवाळी मी लेकाकडे न्यू जर्सीला केली. त्या वर्षी तिथे लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले. आमच्या दारात पणत्या, शेजारच्या दारात कोरलेले भोपळे आणि कोळ्याची जाळी. नऊ वर्षांच्या नातीला दोन्हींचा उत्साह सारखाच. आधीच्या शनिवारी तिने आम्हाला न्यूयॉर्कला ओढून नेलं. म्हणाली, "आजी, तिथली घरं बघच तू."

मॅनहॅटनच्या अप्पर ईस्ट साइड भागात फिफ्थ आणि मॅडिसन ॲव्हेन्यूच्या मधल्या गल्ल्यांत जुनी, उंच घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. पदपथावरून दारापर्यंत दगडी पायऱ्या चढतात, आणि सगळी आरास त्या पायऱ्यांवर. आपल्याकडे गणपतीत लोक देखावे बघत हिंडतात तशीच इथे बायका-पोरांची गर्दी. एका घरी पायरीपायरीवर सांगाडे बसवले होते. एक पेपर वाचतोय, दुसऱ्याच्या हातात कुत्र्याची साखळी, आणि कुत्राही हाडांचाच! भोपळे तर ढिगाने. हा सण आयर्लंडकडून आला. तिकडे पूर्वी सलगम कोरायचे, अमेरिकेत आल्यावर भोपळा हाती लागला. चला, निदान कंदमूळ तरी सुटलं, असं मी सूनबाईला म्हटलं.

बी.कॉम. झालेल्या बाईला किंमत विचारल्याशिवाय राहवत नाही. होम डेपोने २०२० मध्ये बारा फुटी सांगाडा आणला तो २९९ डॉलरला. आणि तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने २०२४च्या हॅलोविनचा देशभरातला खर्च ११.६ अब्ज डॉलर धरला होता. मी सवयीने ८४ ने गुणायला घेतलं आणि सोडून दिलं.

खरं सांगू, सांगाड्यांचं मला काहीच वाटलं नाही. बारा भावनांमधली अशुची भावना आपण म्हणतो. वरच्या कातडीखाली काय आहे ते त्या पायऱ्यांवर उघड बसलं होतं. पण पुढच्या एका घराच्या कठड्यावर तुटलेले हात टांगले होते, खाली कापडावर रक्त सांडलेलं, आणि बाजूला खाटकासारखा पुतळा सुरी घेऊन उभा. लोक त्याच्याशेजारी उभे राहून हसत फोटो काढत होते. मी नातीचा हात धरून रस्ता ओलांडला.

"आजी, ते खोटं आहे. नुसता रंग."

जवळच सेंट्रल पार्क आहे. सूर्यास्त सहाच्या सुमाराला, म्हणून त्याआधीच बाकावर बसून दशम्या आणि शेंगांची चटणी खाल्ली. तेव्हा तिला यशोधर राजाची गोष्ट सांगितली. वाईट स्वप्न पडलं म्हणून आई चंद्रमती त्याला देवीला बळी द्यायला सांगते. राजा जीव मारायला तयार होत नाही. शेवटी कणकेचा कोंबडा करून तो कापतात. तोही खोटाच होता. तरी मायलेकांना कितीतरी जन्म पशुयोनीत काढावे लागले, पहिल्यांदा तो मोर झाला आणि ती कुत्री. कारण कापताना मनात मारण्याचा भाव होता.

नात दशमी चावत गप्प बसली. मग म्हणाली, "पण त्या घरातल्या लोकांना कुणाला मारायचंच नाहीये. त्यांना फक्त घाबरवायचंय. भाव वेगळा आहे ना?"

मैत्रिणींनो, पाठशाळेत इतकी वर्षं ही गोष्ट सांगितली, पण हा मुद्दा कुणी काढला नव्हता. मी म्हटलं, करणाऱ्याच्या मनात नसेल, पण तुटका हात बघून हसायची सवय लागली की बघणाऱ्याच्या मनातली करुणा बोथट होते. हे मला आजही खरं वाटतं. तिला पटलं की नाही, कळलं नाही. घरी आल्यावर मात्र आमच्या अंगणात सांगाडा चालेल, रक्त नाही, असं तिनेच बाबाला सांगितलं.

३१ तारखेला पूजा आटोपून ती फुलपाखरू होऊन मैत्रिणींबरोबर घरोघर जाऊन आली. सूर्यास्तानंतर खायचं नाही, म्हणून पिशवी सकाळपर्यंत बंद. सकाळी चष्मा लावून मी आणि ती एकेक वेष्टन वाचायला बसलो. मऊ चघळायच्या बऱ्याच गोळ्यांत जिलेटिन, म्हणजे जनावरांची हाडं नि कातडं. स्निकर्समध्ये अंड्याचा पांढरा बलक. पिवळ्या-केशरी कँडी कॉर्नमध्ये तर जिलेटिन आणि मध दोन्ही. नातवंडं तिकडे असणाऱ्यांनी हे लिहूनच ठेवा. एका दारी पेन्सिली मिळाल्या होत्या. ज्या मुलांना खाण्याची ॲलर्जी असते त्यांच्यासाठी काही घरं निळसर-हिरवा भोपळा बाहेर ठेवून खाऊऐवजी वस्तू देतात. ती घरं आपल्या पोरांनाही सोयीची.

निम्मी पिशवी बाजूला गेली. ती कुरकुरली नाही, पण निवडता निवडता मध्येच म्हणाली, "आजी, यशोधरने कोंबडा नुसता करून ठेवला असता, कापला नसता, तर?"

सांगलीला गेल्यावर माताजींना विचारून सांगते म्हटलं. अजून विचारायचं राहिलंय. तुमच्यापैकी कुणी स्वाध्यायात ऐकलं असेल तर कळवा, ती दर रविवारी फोनवर आठवण करते.