मर्जीची वेळ, हक्काची वेळ

सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

आमच्या ऑफिसात कामाच्या वेळांचं धोरण ठरवायला नेमलेल्या समितीची आज पहिली बैठक झाली. कर्मचाऱ्यांच्या वतीने मी आहे. मसुद्यात 'लवचिक वेळ' पानोपानी आहे, पण प्रत्येक कलम 'व्यवस्थापकाच्या संमतीने' या शब्दांवर येऊन संपतं. म्हणजे आज जे चालतं तेच कागदावर येणार. ज्याचं साहेबांशी जमतं, त्याला शुक्रवारी घरून काम करायला मिळतं. ज्याचं जमत नाही, तो मुलाच्या पालकसभेसाठीही अर्धी रजा टाकतो. मागायला गेलेला माणूस आधीच खाली मान घालून उभा असतो, आणि सवलत मिळाली की पुढचे सहा महिने कुठल्याच जादा कामाला नाही म्हणू शकत नाही. हे मला बदलायचं आहे.

शुक्रवारपासून देशात चारही नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यामुळे एचआरला वर्ष संपायच्या आत धोरण हवं आहे. ही घाई आपल्या उपयोगाची आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

डोंबिवलीला पहिल्या फास्टमध्ये पायही ठेवता आला नाही, दुसरी घेतली. दादरला उतरून स्लो पकडली आणि करी रोडला पोचले तेव्हा अंगातली निम्मी ताकद संपली होती. ९ जूनला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले, जीव गेले, ती वेळ सकाळी नऊच्या सुमाराची. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले, तीही सकाळची, ऑफिस गाठण्याची वेळ. एवढी माणसं एकाच तासात एकाच दिशेने का निघावीत?

मध्य रेल्वेने २०२३ मध्ये आपल्याच मुंबई विभागाच्या कार्यालयात दोन वेळा लावल्या : साडेनऊ ते पावणेसहा आणि साडेअकरा ते पावणेआठ. इतर कार्यालयांनाही वेळा बदलण्याची पत्रं धाडली.

आमच्या आरोग्य विम्याच्या क्लेम्स विभागाच्या प्रमुखांना मी विचारलं, ''सर, साडेनऊला कुठलं काम असतं जे साडेअकराला चालणार नाही?'' त्यांनी सरळ उत्तर दिलं, ''मॅडम, कॅशलेस. पेशंट हॉस्पिटलच्या काउंटरवर ताटकळत असतो.'' मुद्दा खरा आहे. आरोग्य विम्याच्या नियामकाने २०२४ मध्ये मुदत घालून दिली आहे : भरतीची मंजुरी एका तासात, डिस्चार्जची तीन तासांत. पण आमच्याकडे सगळे साडेनऊला येतात आणि साडेसहाला उठतात. संध्याकाळी उशिरा डिस्चार्ज मिळालेल्या पेशंटसाठी मग कुणाला तरी थांबवून ठेवावं लागतं. दोन वेळा लावल्या तर सकाळही सांभाळली जाईल आणि संध्याकाळही, कुणालाही न थांबवता. सरांनी हे वहीत लिहून घेतलं.

सोमवार, १ डिसेंबर

बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली आमची सहकारी जेवणाच्या सुट्टीत जेवत नव्हती, व्हिडिओ कॉलवर बाळाला बघत होती. आजी सांभाळते आहे, पण आजीचे गुडघे दुखतात.

कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच दुरुस्तीत आणखी दोन गोष्टी होत्या, त्या फारशा कुणाला माहीत नसतात. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. दुसरं म्हणजे, काम तशा स्वरूपाचं असेल तर रजा संपल्यावरही मालक आणि कर्मचारी दोघांनी ठरवून घरून काम करता येतं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत.

पाळणाघर ऑफिसात उघडलं तरी सहा महिन्यांचं बाळ घेऊन कुठली आई डोंबिवलीहून गर्दीच्या लोकलमध्ये चढणार? लांबून येणाऱ्या बाईला दुसऱ्या तरतुदीचाच आधार आहे. म्हणून मी मसुद्यात वाक्य सुचवलं : रजेवरून परतणाऱ्या आईने मागितल्यास पहिले सहा महिने आठवड्यातले तीन दिवस घरून काम, नकार द्यायचा असेल तर कारण लेखी आणि सात दिवसांत.

बुधवार, ३ डिसेंबर

घरून कामाच्या दिवसाबद्दल मैत्रिणींशी बोलले. एकीचं घर वन रूम किचनचं. ती म्हणाली, ''ताई, घरी असले की मी घरातच आहे असं सगळे धरून चालतात. कुकर लाव, पाहुण्यांना चहा टाक, गॅसवाला आलाय बघ. माझं काम रात्री दहानंतर सुरू होतं.''

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात हेच आकड्यांत दिसतं : घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटं, पुरुषांचा ८८. घरून काम ही बायकांचीच सोय ठरली, तर ही दरी आणखी वाढेल. म्हणून धोरणात ते पुरुषांनाही तितक्याच सहज मिळायला हवं, आणि त्यांनी ते मागायला हवं. वडिलांच्या डायलिसिसला जाणारा, मुलीला शाळेतून आणणारा पुरुष ऑफिसात दिसू लागला की घराची जबाबदारी बाईचीच हा समज आपोआप ढिला होईल.

शनिवार, ६ डिसेंबर

दादरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्यांची रीघ. पांढऱ्या कपड्यातली, गावाकडून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात कारखान्यांतला ५४ तासांचा आठवडा ४८ वर आणणारी दुरुस्ती झाली. आज आपण ज्याला पूर्ण आठवडा म्हणतो, त्याचं माप तिथे ठरलं.

आता वारं उलटं वाहतं आहे. सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत दिवसाचे तास नऊवरून दहा करायला आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली. लवचिकता मालकाच्या बाजूने वाढत असताना कामगाराच्या बाजूने तिला लगाम हवा. काल लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी कामाची वेळ संपल्यावर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक मांडलं. असं विधेयक त्यांनी २०१८ मध्येही मांडलं होतं. १९७० नंतर खासगी सदस्याचं एकही विधेयक कायदा झालेलं नाही, तेव्हा वाट बघत बसण्यात अर्थ नाही. आपल्या धोरणात आपणच लिहू : रात्री आठनंतर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर काम टाकायचं नाही. तातडीसाठी ज्याची पाळी असेल त्यालाच फोन, आणि त्याला बदली सुट्टी.

मंगळवार, ९ डिसेंबर

लवकर पोचले. हाऊसकीपिंगच्या मावशी लादी पुसत होत्या. साडेसहाला येतात, दिव्याहून. त्यांना विचारलं, तुम्हाला वेळेत काय बदल हवा? मावशी म्हणाल्या, ''बाई, सुट्टी कुठल्या वाराची ते आधी कळलं तर बरं. आदल्या रात्री फोन येतो, उद्या येऊ नका म्हणून. तेव्हा सुट्टी घेऊन काय करू? नातीच्या शाळेत जायचं राहिलं ते राहिलंच.''

दारावरचे सिक्युरिटीचे काका बारा तास उभे असतात. त्यांना घरून काम करता येणार नाही, पण पाळी आठ तासांची असू शकते, रजेची अदलाबदल होऊ शकते, महिन्याचं वेळापत्रक आधी लागू शकतं. आमच्या मसुद्यात या माणसांचा उल्लेखच नाही, कारण ती कंत्राटदाराची. पण दिवस तर त्यांचा आमच्याच इमारतीत जातो.

ही इमारत उभी आहे तो सगळा परिसर गिरण्यांचा. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि रविवारची सुट्टी मागितली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी जाहीर केली. ती सुट्टी फक्त चांगल्या कामगारांना, जॉबरच्या म्हणजे मुकादमाच्या मर्जीतल्या माणसांना नव्हती. सगळ्यांना, एकाच दिवशी, जाहीरपणे होती. म्हणूनच ती टिकली.

सोमवार, १५ डिसेंबर

बैठक लांबली. एचआरची भीती अशी की एकाला दिलं की सगळे मागतील. मी म्हटलं, सगळ्यांनी मागावं म्हणूनच धोरण असतं. अकाउंट्सच्या सहकारिणीने तिमाहीअखेरचा प्रश्न काढला. त्या आठवड्यात सगळे हजर लागतात, हे तिचं म्हणणं मान्य झालं. ते दिवस आधीच कॅलेंडरवर लागतील. क्लेम्सच्या प्रमुखांनी दोन वेळांचा तक्ता स्वतःच करून आणला होता. काम जाणणारा माणूस बाजूने उभा राहिला की चर्चेचा सूर बदलतो.

शुक्रवार, १९ डिसेंबर

धोरण मंजूर झालं, १ जानेवारीपासून तीन महिने प्रायोगिक. साडेआठ ते साडेअकरा यांत कधीही यायचं, साडेअकरा ते साडेचार सगळे हजर. 'व्यवस्थापकाच्या संमतीने' गेलं, त्या जागी 'नकाराचं कारण सात दिवसांत लेखी' आलं. रात्री आठचा नियम आला. आईसाठीचं कलम आलं, तीनऐवजी दोन दिवसांचं. मावशींच्या साप्ताहिक सुट्टीचं वेळापत्रक महिनाभर आधी लावावं असं कंत्राटदाराला कळवलं जाणार आहे.

सिक्युरिटीची आठ तासांची पाळी नामंजूर झाली. दोनऐवजी तीन माणसं लागतील, खर्च वाढेल, हे कारण. कंत्राटाचं नूतनीकरण एप्रिलमध्ये आहे. तोवर वाढीव खर्चाचा हिशोब मांडून ठेवायचा आणि क्लेम्सच्या प्रमुखांची सही त्यावर घ्यायची. ज्यांच्या दिवसावर आमचा दिवस उभा आहे, त्यांना वगळून झालेलं धोरण अर्धंच आहे, आणि एप्रिलच्या बैठकीत मी हेच पहिलं वाक्य म्हणणार आहे.