विरजण

रात्रीची जेवणं झाली की आई विरजण लावते. कोमट दुधात करंगळी बुडवून बघते, वाटीतलं कालचं दही चमचाभर घेते, हलकेच ढवळते आणि झाकण ठेवते. त्या रात्री ओट्यापाशी उभं राहून मी तिच्या कानांवर हेडफोन चढवला. आधी लावलं ‘एक दूजे के लिए’मधलं ‘तेरे मेरे बीच में’. 1981चं हे गाणं तिला तोंडपाठ. मग काहीच न सांगता ब्रिटनी स्पिअर्सचं 2004 साली गाजलेलं ‘टॉक्सिक’ लावलं. ढवळता ढवळता तिचा हात थांबला.

“अगं, ही तीच व्हायोलिनं ना? तिथे विव्हळत होती. इथे कुणीतरी पाठीस लागल्यासारखी पळतायत.”

इतकं नेमकं मला कुणीच सांगितलं नव्हतं. ब्लडशाय आणि अवांत या नावांनी काम करणाऱ्या दोघा स्वीडिश निर्मात्यांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदातले काही सेकंदांचे तुकडे उचलले, कापले, त्यांची चाल बदलली आणि नव्याने सांधले. यालाच सॅम्पलिंग म्हणतात. लताबाई आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचे आवाज त्यात नाहीत, मुखडा नाही. आहे तो फक्त तारांवरून झर्रकन फिरलेला गज. चमचाभरच घेतलं, पण अख्खं पातेलं लागलं. 2005 साली या गाण्याला ग्रॅमी मिळालं.

आणि ते चमचाभर दही तरी कुठून आलं? पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चच्या शाळांमधून मुलं नोटेशन वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकली. पुढे पोटासाठी मुंबईत आली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. त्यांतल्याच अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. 1977च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांनी आपल्या गुरूचं नाव गुंफलं. गोव्यातून मुंबईत आणि मुंबईतून थेट स्वीडनच्या मंडळींपर्यंत, कालच्या दह्यातून आजचं, असं हे चालत आलं.

गाण्यांच्या याच घरात दुसरीही एक गोष्ट घडते, तिला आपण शिळ्या कढीला ऊत आणणं म्हणतो. जुन्या गाण्याचा मुखडा जसाच्या तसा उचलायचा, खाली ठोका वाढवायचा, अंतऱ्याच्या जागी रॅप बसवायचा. 2009च्या ‘दिल्ली-6’मधल्या ‘मसकली’चं 2020 साली ‘मसकली 2.0’ झालं, तेव्हा ए. आर. रहमान यांनी लोकांना मूळ गाणंच ऐकायला सांगितलं. मधे गेली होती जेमतेम 11 वर्षं. मूळ गाणं अजून लोकांच्या ओठांवर होतं, आणि तेवढ्यात त्याच्या आठवणीचा बाजार मांडला गेला.

आठवणींत रमण्यात काहीच वाईट नाही. जुन्या गाण्याचे दोन सूर कानावर पडले तरी माझा घसा दाटतो. पण अशा नव्या गाण्याला माझ्याकडून फक्त ओळख हवी असते. मी ओळखलं, सुखावले, की त्याचं काम संपलं. मला भरून येतं ते मूळ गाण्याच्या जिवावर. ‘टॉक्सिक’ने मात्र मला उलट काहीतरी दिलं. ते ऐकून मी जुन्या गाण्याकडे परतले, तेव्हा लताबाईंच्या आवाजामागे लपलेली व्हायोलिनं मला पहिल्यांदा नीट ऐकू आली. एवढी वर्षं ती तिथेच होती. खरं सॅम्पलिंग जुन्यातून असं घेतं, आणि घेतल्यावर जुन्याला थोडं अधिक करून परत देतं.

विरजण शेजारणीकडूनही आणता येतं, पण ते मागून आणायचं असतं. 2002 साली ट्रुथ हर्ट्स या अमेरिकी गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये ‘ज्योती’ चित्रपटातल्या ‘थोडा रेशम लगता है’चा मोठा तुकडा लताबाईंच्या आवाजासकट, न विचारता वापरला गेला. प्रकरण कोर्टात गेलं. संगीतकार बप्पी लाहिरी यांचं श्रेय दिल्याशिवाय अल्बम विकायला 2003 साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने मनाई केली. योग्यच झालं. वाटी कुणाच्या घरची, हे सांगितलंच पाहिजे.

सकाळी आईने झाकण काढलं. दही घट्ट लागलं होतं, वर साय धरलेली. पानात कुणालाही वाढायच्या आधी तिने त्यातलं थोडं वाटीत काढून बाजूला ठेवलं, रात्रीसाठी. मी त्या वाटीकडे बघत राहिले. आज कुठल्या तरी स्टुडिओत कुणी नवं काही वाजवलं, जीव ओतून वाजवलं, तरच चाळीस वर्षांनी त्यातला चमचाभर कुणाला तरी उचलता येईल. दह्याची कढी होते, पण कढीचं विरजण लागत नाही.