आकडे आपल्या हाती

पातूरला बसून राज्यशास्त्र शिकताना पुणे-दिल्लीची ग्रंथालयं फार दूर वाटायची. आता आकडेवारीच्या विश्लेषणासाठीचं ‘आर’ शिकतेय. ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. आमचा पातूर तालुका बाळापूर विधानसभा मतदारसंघात येतो. निवडणूक आयोगाच्या ‘फॉर्म 20’मध्ये तिथली मतदान केंद्रनिहाय मतं सापडतात, ‘लोकढाबा’ या संकेतस्थळावर साठच्या दशकापासूनचे निवडणूक निकाल आहेत. हे सगळं ‘आर’मध्ये घेऊन चौकातल्या ठाम दाव्यांना आता आकड्यांची कसोटी लावता येते.

पण केंद्राच्या बेरजेवरून एकेका मतदाराचं मन ओळखता येत नाही. मतं किती पडली ते आकडा सांगतो. का पडली, हे माणसांनाच विचारावं लागतं.

वऱ्हाडातल्या मित्रमैत्रिणींनो, ही साधनं शिका. आपल्या तालुक्याचा अभ्यास आपणच केला पाहिजे.