पिनेपाशी

जालन्यातल्या सळईच्या कारखान्यांसाठी मी कंट्रोलची कार्डं बनवतो. भट्टीत भंगार वितळतं, त्याचं बिलेट होतं, बिलेट रोलांतून लालभडक सळई होऊन सुसाट निघतं. सळईचं तोंड ठरल्या जागी आलं की कात्री पडलीच पाहिजे. ते तोंड टिपतो हॉट मेटल डिटेक्टर. तापलेल्या लोखंडाचे अवरक्त किरण दिसले की तो २४ व्होल्ट देतो. कार्डावरची माझी झायलिंक्सची एक्ससी९५७२एक्सएल ही प्रोग्रॅम भरायची लॉजिक चिप मात्र ३.३ व्होल्टवर चालते, तिच्या पिना फार तर ५ व्होल्ट सोसतात.

म्हणून मध्ये ऑप्टोकपलर. चार पायांच्या त्या ठोकळ्यात एका बाजूला इवलासा एलईडी, दुसऱ्या बाजूला उजेड पडला की जागा होणारा ट्रान्झिस्टर. दोघांमध्ये तार नाही, नुसता उजेड. मला ही रचना अजूनही फार सुंदर वाटते. एलईडीआधी २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावला की साधारण १० मिलिअँपियर वाहतात. तो पाव वॅटचा मात्र लावू नये, भट्टीशेजारच्या पॅनेलात काळा पडतो. मी एक वॅटचा लावतो.

सुरुवातीला एका कार्डावर लिमिट स्विचची वायर मी सरळ पिनेला जोडली होती. सळई नसतानाही काउंटरचे आकडे वाढायचे. दोन दिवस प्रोग्रॅम उकरला. तिसऱ्या दिवशी वायरीजवळ सहज हात नेला, तर दिवा लुकलुकला! स्विच उघडा असताना पिन कुठेच बांधलेली नव्हती. शेजारच्या इंडक्शन भट्टीची नुसती चाहूलही ती खरी मानत होती. १० किलोओहमचा पुल-अप लावला आणि ती शांत झाली. मग कळलं, स्विचचे पत्रे मिटताना काही मिलिसेकंद थरथरतात, आणि एकदा दाबलेलं चिपला पाच-सातदा दाबल्यासारखं दिसतं. ती थरथर प्रोग्रॅमात गाळावी लागते.

बाहेर जाणाऱ्या वाटेवरही तेच. रिलेची कॉइल पिनेच्या ताकदीबाहेरची, म्हणून ट्रान्झिस्टर. आणि कॉइल बंद होताना उसळणारा व्होल्टेज जिरवायला उलटा डायोड.

१९८५ साली याच झायलिंक्सच्या पहिल्या एफपीजीएत, म्हणजे अशाच प्रोग्रॅम भरायच्या चिपेत, ६४ लॉजिक ब्लॉक होते, आज मोठ्या चिपांत लाखो असतात. पिनेपाशी मात्र हीच कामं उरतात.

नव्या पोराच्या हातात मी आधी प्रोग्रॅम देत नाही. कार्ड आणि मल्टीमीटर देतो. काहीही न जोडता प्रत्येक पिनेवरचे व्होल्ट त्यानं वहीत लिहायचे. आकडा ३.३ किंवा शून्य सोडून अधेमधे भटकला, तर तिथं लाल पेनानं गोल.