संगणक घेण्यापूर्वी, संगणक टाकण्यापूर्वी

धर्मगुरूकडे लोक नाना प्रकारचे प्रश्न घेऊन येतात. गेल्या काही वर्षांत त्यांत एका अगदी प्रापंचिक प्रश्नाची भर पडली आहे : 'फादर, मुलासाठी कोणता लॅपटॉप घ्यावा ?' यंत्रे उघडून पाहण्याची माझी खोड धर्मग्रामात सर्वांना ठाऊक झाल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येतो आणि मीही तो आनंदाने स्वीकारतो.

ही खोड जुनी आहे. मी सेमिनरीत होतो त्या काळी पडद्यावर देवनागरी अक्षर उमटावे म्हणून संगणकाच्या पोटात एक स्वतंत्र कार्ड बसवावे लागे. कानपूरच्या आयआयटीत ज्याची बीजे रुजली आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने जे लोकांपर्यंत पोहोचविले, ते हे 'जिस्ट' कार्ड. मराठी लिहिता येणे ही तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊन साधण्याची गोष्ट होती. आजच्या मुलांना हे सांगितले तर ती सौजन्याने हसतात. मला मात्र त्यामुळे एक सवय लागली. यंत्राविषयी कोणी काहीही सांगितले, तरी आधी त्याचे झाकण काढून पाहावेसे वाटते.

या सवयीचा उपयोग अलीकडे फार होऊ लागला आहे. २०१५ साली आलेल्या 'विंडोज १०' या प्रणालीचा आधार तिच्या निर्मात्यांनी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला. 'विंडोज ११' साठी त्यांनी अटी घातल्या : यंत्रात 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा-सोय हवी आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. घराघरांतील चांगली चालणारी यंत्रे एका दिवसात संशयित ठरली. आणि दुकानांतून एकच निदान ऐकू येऊ लागले : 'हा आता टाकून द्या, नवीन घ्या.'

आमच्या धर्मग्रामातील एक विधवा भगिनी असेच निदान ऐकून माझ्याकडे आल्या. २०२० च्या टाळेबंदीत मुलीच्या ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला लॅपटॉप सुरू व्हायला आठ-नऊ मिनिटे घेऊ लागला होता. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. पतपेढीच्या कर्जाचा अर्ज भरून तयार होता. जुना लॅपटॉप दुकानदार बदलीत घेणार होता. 'फादर, अर्जावर सही करू ना ?' एवढेच त्यांना विचारायचे होते.

मी म्हटले, 'बाय, सही उद्या करा. आज यंत्र इथे ठेवून जा.'

उघडून पाहिले, तर प्रोसेसर दहाव्या पिढीचा होता, म्हणजे नव्या प्रणालीच्या अटीत बसणारा. टीपीएमही होते. दोष होता तो दोन ठिकाणी. रॅम अवघी ४ जीबी आणि साठवणीला जुन्या पद्धतीची फिरती हार्डडिस्क. ही तबकडी मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. हवी ती माहिती वाचायची तर आधी वाचणारी दांडी जागेवर सरकली पाहिजे आणि मग तबकडीचा तो भाग दांडीखाली आला पाहिजे. या येरझारीत दर खेपेला दहा-पंधरा सहस्रांश सेकंद जातात. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण संगणक सुरू होताना अशा हजारो लहानलहान खेपा होतात. रॅम अपुरी असली, की ज्याला तिच्यात जागा नाही ते सारे याच मंद तबकडीवर ठेवावे लागते आणि खेपा आणखी वाढतात. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तिची खेप एका सहस्रांश सेकंदाच्याही छोट्या अंशात होते.

त्या लॅपटॉपला एसएसडी बसविली. रॅमसाठी एक जागा आत रिकामी होती. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भडकल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांनी कारखान्यांचे उत्पादन आपल्याकडे ओढले. परंतु दुसऱ्या एका घरी पडदा फुटलेला लॅपटॉप माळ्यावर पडून होता. त्यातील ८ जीबीची डीडीआर ४ पट्टी जुळली. यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होऊ लागले. पतपेढीचा अर्ज कपाटातच राहिला.

आता मुख्य सांगायचे ते हे, की दुकानात आपण पैसे मोजतो ते बहुधा बाहेरच्या चिकटपट्टीवरील नावाला. 'आय-सेव्हन आहे, फादर' असे सांगताना पालकांच्या स्वरात अभिमान असतो. पण त्या नावापुढचा आकडा वाचला पाहिजे. जुन्या, दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर 'आय-सेव्हन ४६००यू' असे असेल, तर पहिला आकडा चौथ्या पिढीचा. तो प्रोसेसर २०१३ चा आणि त्याला कोअर दोनच. 'आय-थ्री १२१५यू' हा बाराव्या पिढीचा, त्याला कोअर सहा. नावाने धाकटा असलेला हा भाऊ त्या थोरल्याला सहज मागे टाकतो; शिवाय चौथ्या पिढीचा तो प्रोसेसर 'विंडोज ११' च्या यादीत बसतच नाही. रायझनच्या नावांत तर आणखी गंमत आहे. '७५२०यू' मधील ७ पाहून तो नवा कोरा वाटावा. पण आतली रचना कोणत्या काळातील हे तिसरा आकडा सांगतो. येथे तो २ आहे, म्हणजे रचना २०१९ ची. ही नावे ठेवणाऱ्यांना ग्राहकाने ती समजून घ्यावीत असे वाटत असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, अभ्यास, बँकेचे व्यवहार, परदेशी असलेल्या मुलाशी चित्रफोन : एवढ्यासाठी गेल्या पाच-सहा वर्षांतील कोणताही मध्यम प्रोसेसर पुरेसा आहे. पैसे द्यायचे ते रॅमला आणि एसएसडीला. ८ जीबीपेक्षा कमी रॅमचे यंत्र आता घेऊ नये. १६ परवडली तर उत्तम. आणि दुकानदाराला एक प्रश्न आवर्जून विचारावा : 'रॅम पुढे वाढवता येईल का ? एसएसडी बदलता येईल का ?' पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य पटलावर डाकूनच टाकलेली असते. जी आली तीच शेवटपर्यंत. अगदी स्वस्त लॅपटॉपांत एसएसडीच्या जागी ६४ जीबीची 'ईएमएमसी' डाकलेली असते. प्रणाली आणि तिच्या सुधारणा यांनीच ती भरून जाते. अशा लॅपटॉपची किंमत पाहून मोह होतो, पण मी तो कोणालाही घेऊ देत नाही.

ज्यांचे यंत्र खरोखरच जुन्या पिढीचे आहे, त्यांनीही घाई करू नये. घरगुती ग्राहकांसाठी 'विंडोज १०' च्या सुरक्षा-सुधारणा ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना जाहीर झाली होती, ती मुदत ध्यानात ठेवावी. त्यानंतरही 'लिनक्स मिंट' ही विनामूल्य प्रणाली अशा यंत्रांवर चांगली चालते. मराठी लिहिता येते, ब्राउझर आहे, कार्यालयीन कामाचे 'लिब्रे ऑफिस' आहे. मात्र टॅलीसारखे विंडोजचेच सॉफ्टवेअर लागत असेल, तर हा मार्ग नको. जुळवून घेतलेल्या डेस्कटॉपवाल्यांनी आणखी एक पाहावे : पुष्कळदा टीपीएमची सोय यंत्रात असते, पण बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. इंटेलच्या यंत्रांत ती 'पीटीटी' या नावाने आढळते. ती सुरू केली, की काल नापास झालेले यंत्र आज पास होते.

वसईच्या किनारपट्टीवर राहणाऱ्यांना दोन शब्द निराळे सांगायला हवेत. खारा, दमट वारा धातूवर आपले काम करीतच असतो. पावसाळ्यानंतर डेस्कटॉप सुरूच झाला नाही, नुसती शिट्टी वाजली, तर दहांतून काही वेळा तरी दोष रॅमच्या पट्टीच्या टोकावर बसलेल्या पुटाचा असतो. वीज पूर्ण बंद करून पट्टी काढावी, तिच्या सोनेरी टोकांवरून शाळेतील साधा खोडरबर हलकेच फिरवावा, भुकटी झटकून ती पुन्हा घट्ट बसवावी. दररोज तारीख-वेळ चुकत असेल, तर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल बदलावा. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. आणि कॅबिनेटला हात लागताच मुंग्या येत असतील, तर संगणकवाल्याला बोलावू नये, इलेक्ट्रिशियनला बोलवावे. त्या घराच्या सॉकेटला अर्थिंग नाही. जुन्या घरांत हे मी वारंवार पाहिले आहे आणि 'थोडा करंट येतोच, फादर' असे त्याचे समर्थनही ऐकले आहे. लहान मुले असलेल्या घरात तरी असे समर्थन चालू नये.

डेस्कटॉप घेणाऱ्याने वीजपुरवठ्याच्या पेटीवर, म्हणजे एसएमपीएसवर, काटकसर करू नये. तिच्यावर '८० प्लस' ही खूण असावी. स्वस्त पेटीवर ४५० वॅट छापलेले असते, छापायला काय लागते ? ती जळताना कधीकधी मदरबोर्डलाही सोबत नेते. यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो. पण तो दिवे गेल्यावर तासभर काम करण्यासाठी नाही, काम जपून ठेवून यंत्र नीट बंद करण्यासाठी आहे. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, ती बदलावी लागते. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हे सारे मिळते. तेथे जाणाऱ्याने भाग-क्रमांक कागदावर लिहून न्यावा आणि पक्के बिल घ्यावे, कारण हमी त्या बिलावरच चालते.

त्या भगिनींच्या लॅपटॉपमधून काढलेल्या हार्डडिस्कचे काय झाले, हे सांगायचे राहिले. तिच्यात त्यांच्या दिवंगत पतीची शेवटच्या वर्षांतली छायाचित्रे होती. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. लॅपटॉप बदलीत गेला असता, तर तीही गेली असती, आणि गेली असती ती परक्या हाती; कारण वरवर 'फॉरमॅट' केलेल्या तबकडीवरून फाइली पुन्हा काढता येतात. ती डिस्क आता यूएसबीच्या छोट्या डबीत बसवली आहे. आधी 'क्रिस्टल डिस्क इन्फो' या विनामूल्य सॉफ्टवेअरने तिची प्रकृती तपासली, ती ठीक निघाली. मंद तबकडी साठवणीला मात्र गुणी असते. वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवलेल्या एसएसडीतील माहिती हळूहळू पुसली जाऊ शकते, तबकडीला ती अडचण नाही. तरीही एकाच प्रतीवर विसंबू नये. एक प्रत लॅपटॉपवर, एक या डबीत, आणि एक मुलीच्या मावशीकडे नालासोपाऱ्याला, अशी आम्ही व्यवस्था केली.

मावशींसाठी पेनड्राइव्ह घेतला, तेव्हा विक्रेता 'दोन टीबी'चा फारच स्वस्तात देत होता. अशा पेनड्राइव्हच्या आत बहुधा ३२ किंवा ६४ जीबीच असते. संगणकाला खोटा आकडा सांगण्याची योजना तेवढी केलेली असते आणि जागा संपल्यावर टाकलेल्या फाइली नावापुरत्या दिसतात, उघडत नाहीत. आम्ही नामांकित बनावटीचा १२८ जीबीचा घेतला, 'एचटूटेस्टडब्ल्यू' या सॉफ्टवेअरने रात्रभर पूर्ण भरून तपासला आणि मगच त्यावर छायाचित्रे उतरवली.